विजेच्या तारांपासून दूर : पृथ्वीच्या अतिनिम्न लहरी कशा मोजतात?

मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे मोठा पेच उभा राहिला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी तेथे १८४१ पासून घेतल्या जात होत्या. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा विद्युतप्रवाह या नोंदी बिघडवणार, हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली हे काम खाडीपलीकडे अलिबागला हलवण्यात आले. तेथे अचुंबकीय साहित्याची इमारत उभी राहिली आणि १९०४ मध्ये निरीक्षणे सुरू झाली. जुनी मालिका नव्या मालिकेशी बिनचूक जुळावी म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर स्थलांतराचे काम पुरे झाले होते.

अलिबागची उपकरणे प्रामुख्याने चुंबकीय क्षेत्रातील संथ बदल टिपतात. हे बदल मिनिटांत, तासांत वा वर्षांत घडतात. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या लहरी त्याहून कितीतरी चपळ आणि कितीतरी पटींनी दुबळ्या आहेत. सेकंदाला ३ ते ३० आंदोलने, म्हणजे ३ ते ३० हर्ट्झ, एवढी वारंवारता असलेल्या लहरींना दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ‘अतिनिम्न वारंवारता’ म्हणतात. भूभौतिकीचे अभ्यासक मात्र ही संज्ञा सैलपणे वापरतात आणि ३,००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा तिच्यात धरतात. आपल्या घरातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. म्हणजे जो पट्टा मोजायचा, त्याच्या ऐन मध्यावर मानवाचा सर्वांत मोठा गोंगाट बसलेला आहे. या शास्त्रातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

आकड्यांतून हे अधिक स्पष्ट होईल. आपल्या भागात पृथ्वीचे स्थिर चुंबकीय क्षेत्र सुमारे ४०,००० नॅनोटेस्ला आहे. नैसर्गिक अतिनिम्न लहरींचे चुंबकीय क्षेत्र १ पिकोटेस्लाच्या आसपास असते. नॅनोटेस्लाचा हजारावा भाग म्हणजे पिकोटेस्ला. तेव्हा मोजायची राशी तिच्या पार्श्वभूमीच्या सुमारे चार कोटींश भरते. उच्च दाबाच्या वीजवाहिनीखाली ५० हर्ट्झचे क्षेत्र काही मायक्रोटेस्ला, म्हणजे काही दशलक्ष पिकोटेस्ला असू शकते.

या दुबळ्या लहरी येतात कोठून? मुख्यतः आकाशातील विजांतून. उपग्रहांनी केलेल्या मोजणीनुसार साऱ्या पृथ्वीवर मिळून दर सेकंदाला सरासरी पंचेचाळीसच्या आसपास विजा चमकतात. प्रत्येक वीज हा एक प्रचंड प्रक्षेपकच असतो. तिच्यातून निघालेल्या लहरींपैकी अतिनिम्न वारंवारतेच्या लहरी फारशा क्षीण न होता दूरवर जातात, कारण खाली वाहक जमीन व समुद्र आणि वर वाहक आयनांबर यांच्यामधील पोकळीत त्या कोंडल्या जातात. ८ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३७,५०० किलोमीटर असते. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर आहे. पृथ्वीला फेरी घालून आलेली लहर स्वतःशीच जुळते आणि बळकट होते. या घटनेला अनुस्पंदन म्हणतात.

म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील विन्फ्रीड ओटो शूमन यांनी १९५२ मध्ये या अनुस्पंदनाचे गणित मांडले. त्यावरून त्याला ‘शूमन अनुस्पंदन’ असे नाव पडले. १९६० मध्ये बाल्सर आणि वॅग्नर या अमेरिकी संशोधकांनी प्रत्यक्ष मोजणीतून ते दाखवून दिले. पोकळीच्या दोन्ही भिंती आदर्श वाहक असत्या, तर पहिले अनुस्पंदन १०.६ हर्ट्झला आले असते. प्रत्यक्षात ते ७.८ हर्ट्झच्या जवळ येते. वरची भिंत, म्हणजे आयनांबर, आदर्श वाहक नाही. तेथे ऊर्जा गळते आणि लहर मंदावते, म्हणून ही घट होते. पुढची अनुस्पंदने साधारण १४.३, २०.८, २७.३ आणि ३३.८ हर्ट्झला असतात. या वारंवारता दिवसभरात थोड्या इकडेतिकडे सरकतात. नोंदीच्या आलेखात त्या टोकदार सुळक्यांऐवजी रुंद उंचवट्यांसारख्या दिसतात. ‘७.८३’ हा आकडा आज मंत्रासारखा उच्चारला जातो. पण निसर्ग त्याबाबत इतका काटेकोर नाही.

या लहरींच्या तीव्रतेत दररोज तीन चढ दिसतात. भारतीय वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास आग्नेय आशियातील वादळे भरात असतात. सायंकाळी साडेसातच्या सुमारास आफ्रिकेची पाळी येते आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास दक्षिण अमेरिकेची. एका ठिकाणी बसवलेले उपकरण असे साऱ्या उष्ण कटिबंधातील विजांची हजेरी घेते. अर्ल विल्यम्स यांनी १९९२ मध्ये या नोंदींकडे उष्ण कटिबंधाचा तापमापक म्हणून पाहता येईल, असे सुचवले. हवेचे तापमान थोडे वाढले तरी विजांची संख्या त्याहून जास्त प्रमाणात वाढते, हा त्यामागील तर्क होता. हवामानबदलाच्या अभ्यासात या लहरींना महत्त्व आले ते तेव्हापासून.

आता मोजमापाकडे वळू. सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे प्रवर्तन वेटोळे. उच्च चुंबकशीलतेच्या मिश्रधातूचा वा फेराइटचा, साधारण माणसाच्या हाताएवढा किंवा त्याहून लांब दांडा घ्यायचा. त्यावर तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे द्यायचे. दांड्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत विद्युतदाब निर्माण होतो. हा फॅरेडेचा नियम शाळेतही शिकवला जातो. क्षेत्र जितके संथपणे बदलेल, तितका हा दाब कमी. म्हणून वारंवारता खाली गेली की अधिक वेढे, अधिक लांब दांडा आणि अधिक शांत प्रवर्धक लागतो. एक वेटोळे उत्तर-दक्षिण आणि दुसरे पूर्व-पश्चिम ठेवतात. जमिनीखालच्या रचनेचा अभ्यास करायचा असेल, तर तिसरे उभे पुरतात.

‘पुरतात’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. वेटोळे जमिनीत खड्डा करून पुरले नाही, तर सारी मोजणी व्यर्थ जाते. त्याचे कारण साध्या हिशेबाने कळते. पृथ्वीच्या ४०,००० नॅनोटेस्लाच्या क्षेत्राला काटकोनात ठेवलेला दांडा जरा जरी कलला, तरी त्या मोठ्या क्षेत्राचा सूक्ष्म अंश त्याच्यात शिरतो. १ पिकोटेस्लाएवढी खोटी खूण उमटण्यासाठी एक मीटर लांबीच्या दांड्याचे टोक केवळ २५ नॅनोमीटर हलले तरी पुरते. माणसाच्या केसाची जाडी याच्या दोन-तीन हजार पट असते. वाऱ्याने झाड डोलते, मुळे माती हलवतात, माती दांडा हलवते. म्हणून झाडापासून दूर जागा निवडतात. केबलही जमिनीत पुरतात किंवा ठरावीक अंतरावर मातीने दाबून ठेवतात. लोंबती केबल वाऱ्यावर हलली की तीच वेटोळ्यासारखी वागू लागते. जवळच्या रस्त्यावरून गेलेला ट्रक तर दुहेरी त्रास देतो. त्याचे लोखंड चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्याची चाके जमीन हादरवतात.

हवेतील उभे विद्युतक्षेत्र मोजण्यासाठी उंच खांबावर धातूचा गोल बसवतात. या क्षेत्राची तीव्रता मीटरमागे एक मिलिव्होल्टहूनही कमी असते. त्यामुळे खांब आणि गोल यांच्यामधला विद्युतरोधक कायम कोरडा व स्वच्छ राहावा लागतो. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हे कसे साधणार, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. दमटपणा, मिठाचा थर, विद्युतभारित पावसाचे थेंब आणि कोळ्याचे एखादे जाळेसुद्धा नोंद बिघडवू शकते. बऱ्याच केंद्रांवर त्यामुळे फक्त चुंबकीय मोजणीवर भागवले जाते.

वेटोळ्याकडून आलेला दुबळा संकेत वाढवला जातो, गाळला जातो आणि सेकंदाला शंभर किंवा अधिक वेळा अंकांत नोंदवला जातो. ५० हर्ट्झचा गोंगाट गाळणीने दाबता येतो. पण त्याचे १५०, २५० हर्ट्झचे पटीतले सोबती आणि जवळच्या मोटारी, पंप, वेल्डिंग यांचे अनियमित झटके उरतातच. प्रत्येक नोंदीवर जीपीएसची वेळ असते, कारण दूरवरच्या दोन केंद्रांची तुलना वेळ तंतोतंत जुळल्याशिवाय करता येत नाही. ही तुलना फार उपयोगी पडते. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील गॅम्बल, गूबाऊ आणि क्लार्क यांनी ‘दूरस्थ संदर्भ’ पद्धत मांडली. दोन ठिकाणी एकाच वेळी मोजणी करायची आणि दोहोंत समान असेल तेवढेच खरे मानायचे, हे तिचे सार. एका गावातील पंपाचा झटका दुसऱ्या गावात पोहोचत नाही. आकाशातील लहर मात्र दोन्हीकडे सारखीच पोहोचते. वेधशाळेतील असंख्य महागड्या उपकरणांपेक्षा या एका युक्तीने जास्त काम केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

इतका खटाटोप करून काय मिळते? सर्वांत भक्कम उत्तर जमिनीखाली आहे. विजांच्या आणि सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या प्रभावातून उपजलेल्या लहरी जमिनीत शिरतात आणि तेथे विद्युतप्रवाह निर्माण करतात. जमिनीवर एकमेकांपासून पन्नास ते शंभर मीटरवर दोन विद्युतअग्रे पुरून या प्रवाहाचे विद्युतक्षेत्र मोजता येते. ते आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या गुणोत्तरावरून खालच्या खडकाची रोधकता काढता येते. रशियात तिखोनोव्ह यांनी १९५० मध्ये आणि फ्रान्समध्ये कान्यार यांनी १९५३ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. तिला मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत म्हणतात.

तिचे सौंदर्य असे, की वारंवारता बदलली की खोली बदलते. रोधकता १०० ओहम-मीटर असलेल्या खडकात ८०० हर्ट्झची लहर सुमारे १८० मीटर खोल जाते. ८ हर्ट्झची लहर १.८ किलोमीटर आणि शंभर सेकंदांना एक आंदोलन करणारी लहर ५० किलोमीटर खोल पोहोचते. एकाच जागी बसून वरपासून खालपर्यंतचा छेद वाचता येतो. अखंड ग्रॅनाइट हजारो ओहम-मीटरचा असतो. भेगांत खारे पाणी मुरले की रोधकता झपाट्याने उतरते. गाळाचे खडक त्याहूनही कमी भरतात. अडचण १ हर्ट्झच्या आसपास येते. विजांची ऊर्जा तेथवर उतरत नाही आणि सौर प्रभावातील लहरींची ऊर्जा तेथवर चढत नाही. या ‘मृत पट्ट्या’त चांगली नोंद मिळवायला रात्रीमागून रात्री थांबावे लागते.

प्रत्यक्ष क्षेत्रावर काम शेतकऱ्याच्या परवानगीपासून सुरू होते. जमिनीचा ओलावाही महत्त्वाचा असतो. जांभ्या दगडाच्या पठारावर भर उन्हाळ्यात विद्युतअग्र पुरले, तर कोरड्या दगडाशी त्याचा संपर्कच जुळत नाही. खड्ड्यात ओली चिकणमाती कालवून घालावी लागते. किनाऱ्यालगत आणखी एक गुंतागुंत आहे. समुद्राचे पाणी उत्तम वाहक असल्याने लहरींनी उपजलेला प्रवाह तेथे एकवटतो आणि किनाऱ्यापासून आत बऱ्याच अंतरापर्यंत संथ बदलांच्या नोंदी वाकवतो. गोव्यात वा सिंधुदुर्गात कोणी खोलवरचा छेद काढायला बसले, तर अरबी समुद्राचा हिशेब आधी वजा करावा लागेल.

आपल्या शेजारी या पद्धतीचा कस लागला तो कोयनेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि कोयनानगरचे नाव जगाच्या भूकंपशास्त्रात कायमचे नोंदले गेले. शिवाजीसागर जलाशय भरल्यापासून तेथे भूकंपांची मालिका आजवर सुरू आहे. जलाशयाचे पाणी काळ्या कातळाच्या थरांतून आणि खालच्या खडकाच्या भेगांतून खोलवर कसे पोहोचते, हा कळीचा प्रश्न आहे. पण कातळ नेमका किती जाड आहे? त्याखाली सौराष्ट्राप्रमाणे गाळाचे खडक दडले आहेत काय? वरून पाहून हे कळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने येथे मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण केले. त्यातून कातळाखाली गाळाच्या खडकांचा जाड थर नाही, असे चित्र दिसले.

पुढे प्रत्यक्ष छिद्रे घेतली गेली. रासाटी येथील १,५२२ मीटरच्या छिद्रात सुमारे ९३२ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइसचा जुना पाया. गोठणे परिसरात २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल गेलेल्या प्रायोगिक छिद्रातही सुमारे १,२५० मीटर बेसाल्टनंतर तोच पाया मिळाला. लहरींनी न खणता सांगितलेले खणल्यावर खरे ठरले. या अवघ्या विषयात एवढी रोखठोक कसोटी फार थोड्या वेळा मिळते.

भूकंपाचे भाकीत हा मात्र वेगळा प्रांत आहे. येथे पाऊल जपून टाकावे लागते. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा येथे ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्रापासून अवघ्या ७ किलोमीटरवरील कोरालिटोस येथे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अँथनी फ्रेझर-स्मिथ यांचे चुंबकमापक चालू होते. त्यांचा पट्टा आपल्या विषयाहून खालचा, ०.०१ ते १० हर्ट्झचा. भूकंपाच्या सुमारे बारा दिवस आधी नोंदीतील तीव्रता वाढली आणि शेवटच्या तीन तासांत ती फार उंच गेली. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर खळबळ माजली. भूकंपाआधी खडक पिचताना लहरी सोडतो आणि त्या टिपता येतात, या आशेवर पुढची वीस वर्षे कितीतरी केंद्रे उभी राहिली.

२००९ मध्ये त्याच नोंदींची फेरतपासणी झाली. थॉमस, लव्ह आणि जॉन्स्टन यांनी त्या दूरच्या वेधशाळांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. तीव्रतेतील ती वाढ संवेदक यंत्रणेच्या बिघाडातून आली असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच वर्षी कॅम्पबेल यांनी नैसर्गिक चुंबकीय हालचालींकडे बोट दाखवले. दोघांची कारणे वेगळी आहेत. भूकंपाशी संबंध जोडण्याइतका पुरावा नाही, याबाबत मात्र ते एकमतच होते. त्याआधी, २८ सप्टेंबर २००४ रोजी पार्कफील्ड येथे ६.० तीव्रतेचा भूकंप झाला होता. तेथे भूकंपाची वाट पाहतच अनेक उपकरणे आधीपासून बसवलेली होती. त्यांना आधी काहीही आढळले नाही. खडक दाबला असता विद्युतभार निर्माण होतो, हे प्रयोगशाळेत दिसते. तेव्हा शोध सोडून द्यावा, असे नाही. पण एका केंद्राच्या एका नोंदीवरून भाकीत छापणे हा वाचकांशी प्रामाणिकपणा नव्हे. कोयनेच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांना अशा बातमीची किंमत झोप उडण्याच्या रूपाने मोजावी लागते.

भारतात या क्षेत्रातील मुख्य संस्था म्हणजे पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था. अलिबागची वेधशाळाही तिच्याच अखत्यारीत येते. ईशान्येला शिलाँग येथे तिने प्रवर्तन वेटोळी बसवून शूमन अनुस्पंदनाच्या नोंदी घेतल्या आहेत. अंटार्क्टिकावरील मैत्री केंद्रातही तिची भूचुंबकीय निरीक्षणे चालतात. त्या केंद्राचा कारभार आपल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालतो. तेथे वीजवाहिन्या केंद्राच्या आवारापुरत्याच असल्याने थोडे दूर गेले की पुरेशी शांतता मिळते. पश्चिम किनाऱ्यावर तसे आता राहिलेले नाही. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि ५० हर्ट्झचा आणखी एक लांबलचक पट्टा रोह्यापासून दक्षिणेकडे पसरला. धूर गेला, डिझेल वाचले, याबद्दल तक्रार नाही. शांत जागा शोधणाऱ्याला आता घाटात आणखी आत जावे लागेल, एवढेच.

शेवटी, समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी फिरणाऱ्या एका रंगीत आलेखाविषयी. ‘पृथ्वीचे हृदयस्पंदन वाढले’, ‘वारंवारता ७.८३ वरून ४० वर गेली’ अशा मथळ्यांसह तो आमच्या कार्यालयातही येतो. बहुधा तो सायबेरियातील तोम्स्क विद्यापीठाच्या केंद्राचा असतो. त्यात आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता आणि रंगाने तीव्रता दाखवलेली असते. ७.८, १४, २० हर्ट्झजवळचे आडवे पट्टे म्हणजे अनुस्पंदने. त्यांची जागा ठरते पृथ्वीचा परीघ आणि आयनांबराची अवस्था यांवरून. सूर्यावर मोठा उद्रेक झाला तरी ती एक हर्ट्झनेसुद्धा सरकत नाही. सरकते ती एखाद्या दशांश हर्ट्झच्या घरात. आलेखात वरपासून खालपर्यंत पसरलेला पांढरा उभा पट्टा दिसला, तर त्याचा अर्थ सर्व वारंवारतांवर एकाच वेळी जोरदार संकेत आला, असा होतो. जवळचे गडगडाटी वादळ किंवा केंद्राजवळचा विजेचा गोंगाट हे त्याचे नेहमीचे कारण असते. काळा पट्टा असेल, तर त्या वेळेची नोंदच नाही. तो पाहून पृथ्वीचे स्पंदन थांबले, असे समजू नये. त्या वेळी यंत्र बंद होते.